कुलूप ओढून बघणारी बाई

मी एडिटर आहे म्हटलं की लोकांना वाटतं मुंबईला असेल. मी कोल्हापुरात राजारामपुरीत असतोय, दहा बाय बाराच्या खोलीत, आणि वर्षातले सात-आठ महिने नुसती लग्नं कापतो. उरलेल्या दिवसात तालमीच्या गणपतीचं शूट, एखादी दुकानाची जाहिरात, आणि कधीतरी कुणीतरी पोरगं हार्डडिस्क घेऊन येतं आणि म्हणतं दादा शॉर्ट फिल्म केलीय, पैसे नाहीत, पण बघा की जरा.

लग्नात रडवायचं कसं हे मला झोपेतसुद्धा येतं. पाठवणी आली की स्पीड चाळीस टक्क्यावर आणायचा, वर सनई किंवा व्हायोलिन, मग आई, बाप, नवरीचा हात, परत बाप. आता बाप रडतच नसला तर काय करायचं, तर होमाच्या धुरानं तो डोळे चोळत असतोय ना सकाळी, तो शॉट उचलून पाठवणीत लावायचा. बारा वर्षात एकाही गिऱ्हाइकानं ओळखलेलं नाही. उलट एका काकूंनी फोन करून सांगितलं की आमचे हे आतून एवढे हळवे आहेत हे आम्हाला तुमच्या कॅसेटीतनं कळलं. (त्या अजून कॅसेटच म्हणतात, मी देतो पेनड्राइव्ह.) ही काय माझी अक्कल नाही म्हणा. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह म्हणून एक डायरेक्टर होता, त्यानं एकाच नटाचा एकच कोरा चेहरा घेतला आणि पुढं एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी असं जोडून दाखवलं, आणि लोक म्हणाले काय अभिनय करतोय, भूक काय, दुःख काय. चेहरा तोच. त्यामुळं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की रडवणं म्हणजे फोडणी आहे, मोहरी तडतडली की काम झालं.

तर गेल्या उन्हाळ्यात असंच एक पोरगं आलं. वय चोवीस, इंजिनिअरिंग करून कंटाळलेलं. त्याच्या मामाचं गाव नदीकाठचं, २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात बुडालेलं. कोल्हापूरच्या माणसाला तो पूर सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटाच्या वर गेलेलं, पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली. आमच्या खोलीपर्यंत पाणी आलं नाही, आम्ही आपलं गच्चीवर जाऊन बघून यायचो आणि दुधाची पिशवी मिळत नाही म्हणून वैतागायचो. हे लिहायला जरा लाज वाटते पण तसंच होतं.

फिल्म बावीस मिनिटांची. एक म्हातारा, त्याची सून, एक नातू, दोन म्हशी. रात्री पाणी वाढतं, म्हातारा म्हशींची दावी कापून त्यांना सोडून देतो, मग सगळे बोटीत बसून निघतात, संपली. सून झालेली बाई गावातलीच, अंगणवाडीत काम करणारी, आयुष्यात कॅमेऱ्यापुढं उभी राहिलेली नाही. पोरानं डोळे लावून शूट केलं होतं, हे पहिल्या दिवशीच कळलं मला.

आमचं भांडण लागलं ते एका शॉटवरनं. म्हशी सोडून झाल्यावर सून घराला कडी घालते, कुलूप लावते, आणि कुलूप दोनदा ओढून बघते. पाठमोरी. चेहरा दिसत नाही. पाणी गुडघ्याला लागलेलं, लांबनं बोटवाला ओरडतोय. चार सेकंद, म्हणजे माझ्या टाइमलाइनवर शंभर फ्रेम.

मी म्हटलं, हा उडवूया.

"का?"

"अरे मर्दा पाणी छपराला लागणार हाय आन ही बाई कुलूप ओढून बघत्या व्हय? कोण चोर येणार हाय पोहत? लोक हसतील."

"मामीनं तसंच केल्तं दादा."

"खरं घडलं म्हणून पिक्चरमध्ये चालतंय असं नसतंय भावा."

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं वापरतोय आणि ते बरोबरच आहे, फक्त त्या दिवशी बरोबर नव्हतं. पोरगं गप्प बसलं. मी आधी गोठ्याला सगळ्यात भारी रडका पीस होता तो लावला, मग शॉट काढला आणि म्हशींवरनं डायरेक्ट बोटीवर गेलो. म्हातारा दावं कापतो तिथं स्लो मोशन, म्हशीच्या डोळ्याचा क्लोजअप, म्हाताऱ्याच्या डोळ्याचा क्लोजअप, व्हायोलिन. नाद खुळा झालंय असं मीच मला म्हटलं.

मग त्यानं ठरवलं की पहिल्यांदा गावातच दाखवायची. मी नको म्हणत होतो. ज्यांचं घर गेलंय त्यांना घर गेल्याचा पिक्चर काय दाखवायचा, एक तर ते उठून जातील नाहीतर आपल्याला मारतील. ऐकलं नाही. आदल्या रात्री एक्सपोर्टला लावलं आणि लाईट गेली, यूपीएसनं पाच मिनिटात मान टाकली, लाईट आली तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, परत लावलं, सकाळी एका लग्नाला जायचं होतं, घाईत फाईल पेनड्राइव्हवर टाकली. माझ्या फोल्डरमध्ये फायनल, फायनल दोन, फायनल खरी आणि फायनल आता बास अशा चार फायली होत्या. ज्यांनी हे काम केलंय त्यांना पुढं काय झालं ते कळलं असेल.

गावात देवळाच्या सभामंडपात पडदा. मंडपवाल्याचे दोन स्पीकर, शाळेचा प्रोजेक्टर. बायका ताडपत्रीवर, पुरुष पारावर, पोरं गाड्यांवर बसलेली, दोनशे माणूस सहज. पडदा बांधला होता त्या भिंतीवर लाल ऑइल पेंटनं रेघ मारलेली आणि शेजारी २०१९ लिहिलेलं, पडद्याच्या वरच्या कडेपेक्षा हातभर उंच. म्हणजे आम्ही बसलेलो सगळेच त्या पाण्याच्या खाली होतो. मी प्रोजेक्टरपाशी उभा. मला पडदा बघायचा नसतोच, मला माणसं बघायची असतात. खोकला किती येतोय, मोबाईल किती पेटतायत, लहान पोराला मागं न बघता आई कशी थोपटते, यावरनं कळतं पिक्चर धरतोय का सोडतोय.

पहिली दहा मिनिटं धरला. मग गोठ्याचा सीन आला. म्हातारा म्हशीच्या पाठीवर हात फिरवून म्हणतो, "बारा लिटर दूध देणारी लक्ष्मी माझी." व्हायोलिन सुरू. स्लो मोशन. मला वाटलं आता.

पारावरनं एक आवाज आला, "बारा लिटर? आरं त्या म्हशीला कास कुठाय?"

एकदम हशा. दुसरा म्हणाला, "भाकड हाय ती, वरसभर." तिसरा म्हणाला, "दुधाचं पाकीट आणून वतत असतील बादलीत." बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. शूटला मिळाली ती म्हैस आणली होती पोरानं, आणि मी शंभर वेळा तो शॉट बघितला, म्हशीचा डोळा फ्रेममध्ये कुठं येतो ते बघितलं, कास नाही बघितली. शहरातल्या माणसाला ते दिसतच नाही. इथं पडद्यावर व्हायोलिन गळा काढतंय, म्हैस स्लो मोशनमध्ये पापणी मिटतीय, आणि दोनशे माणूस हसतंय. माणूस एकदा हसला की त्याला परत आत घेणं अवघड, दार लागल्यागत होतंय. आणि व्हायोलिन जितकं वाढत गेलं तितकं हसू वाढत गेलं, कारण खोटं पडलेल्या जागेवर म्युझिक म्हणजे बोट दाखवल्यासारखं होतं, बघा बघा इथं रडायचंय.

पोरगं खाली मान घालून बसलेलं. मी म्हटलं बोट आली की सुटलो.

बोट आली नाही. पडद्यावर दार आलं.

माझ्या पोटात खड्डा पडला. चुकीची फाईल. जुना कट, ज्यात गोठ्याला म्युझिक लावून झालं होतं आणि पुढचं काम व्हायचं होतं. म्हणजे इथनं पुढं काहीच नाही, नुसता शूटवेळचा आवाज, पाण्याचा चुबूकचुबूक, लांब बोटीचं इंजिन. प्रोजेक्टर बंद करावा का, असा विचार होईपर्यंत सुनेनं कडी घातली. कुलूप लावलं. ओढून बघितलं.

हसू थांबलं. हळूहळू नाही, सुरीनं कापल्यासारखं.

तिनं दुसऱ्यांदा ओढून बघितलं, आणि ताडपत्रीवर पुढं बसलेल्या एका बाईच्या तोंडनं "आगं बाई" एवढंच आलं, तेही हवेसारखं. मग कुठनंतरी हुंदका. मग पारावर, जिथनं कास कुठाय आलं होतं, त्याच माणसानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मी खोकला शोधत होतो, एक खोकला नव्हता. बोट निघाली, चाळीसेक सेकंद कुणी बोलत नाही पडद्यावर, आणि खाली पण नाही. मोबाईल एक पेटला नाही. मी बारा वर्षात पाठवण्या कापल्यात शेकड्यांनी, असलं काही बघितलं नव्हतं, आणि ते मी कापून फेकून दिलेलं होतं.

पोरानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं दादानं ऐकलं आपलं, गुपचूप शॉट परत घातला. मी मान हलवली. काय करणार.

नंतर मी पुष्कळ विचार केला की हे झालं कसं. पाठमोरी बाई, चेहरा नाही, अश्रू नाही, संवाद नाही. मला वाटतं चेहरा नव्हता म्हणूनच प्रत्येकीनं आपला लावला. कुलेशोव्हच्या सूपच्या वाटीच्या जागी त्यांच्याकडं आपापलं दार होतं. आणि ते कुलूप लॉजिकमध्ये बसत नाही हेच त्याचं खरं होतं, घर जाणार हे डोक्याला कळलंय, हाताला अजून कळलेलं नाही, हात रोजच्यासारखंच करतोय. रडणारं माणूस बघून आपल्याला वाईट वाटतं, पण न रडता कुलूप ओढून बघणारं माणूस बघून आपल्याला काहीतरी करावं लागतं, त्याच्या वाटचं रडावं लागतं.

आमच्याच कोल्हापुरात हे लोकांना कधीपासनं माहीत होतं बघा. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून इथं पिक्चर काढले, त्यातला १९२५ चा 'सावकारी पाश' शेतकऱ्याची जमीन जाण्याबद्दलचा. त्यातल्या एका अंधाऱ्या झोपडीच्या आणि रडणाऱ्या कुत्र्याच्या शॉटबद्दल लोकांनी लिहून ठेवलंय. मूकपट. म्हणजे कुत्र्याचा आवाज नव्हताच, तो बघणाऱ्यानं आपल्या डोक्यात घालायचा होता. त्यांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे त्या खरी कॉर्नरवरनं मी रोज ये-जा करतो, पण हे माझ्या टाळक्यात शिरायला चुकीची फाईल लागली.

तरी म्युझिक वाईट असं मी म्हणत नाही, तसली फॅशन पण असते एडिटर लोकात. महिन्याभरानं शहरात एका कॉलेजात तीच फिल्म दाखवली, तिथं कुलपावर शांतता होती पण हुंदका नव्हता, आणि गोठ्यावर मात्र पोरी रडल्या, भाकड म्हशीवर. कास कुणाला दिसली नाही. तेव्हा कुणाला काय लागेल याचं गणित मी मांडत बसत नाही आता. एवढंच की म्हैस दुभती आणायला पाहिजे होती. ज्याला कळतं त्याच्यासाठी ती खरी पाहिजे, ज्याला कळत नाही त्याचं काही बिघडत नाही.

पण त्या रात्रीचं राहिलंच. आवराआवर करताना एक आज्जी आल्या, काठी टेकत. मला वाटलं आता शिव्या पडणार.

"ते किल्लीचं काय झालं रं?"

"कुठली किल्ली आज्जी?"

"कुलूप लावलं नव्हं तिनं. किल्ली कुठं ठिवली? दावलंच न्हाई तुम्ही."

मी म्हटलं ते काय शूट केलेलं नाही बहुतेक. आज्जींनी पदराची गाठ सोडली, आतनं एक किल्ली काढून माझ्या पुढं धरली, जुनी, पितळी, गुळगुळीत झालेली. "घर पडलं त्याच साली. दार बी गेलं व्हाऊन. ही हाय." परत गाठ मारली आणि गेल्या. पोरगं शेजारीच उभं होतं, दोघंही वायरी गुंडाळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी लग्नाचं काम बाजूला ठेवून मी त्या दिवसाचं सगळं फुटेज परत काढलं. कुलपाच्या शॉटचे चार टेक. चौथ्याला पोरगं "कट" म्हणतं, पण कॅमेरावाल्यानं बंद केलेला नाही, आणि ती अंगणवाडीची बाई, आपलं काम झालं असं समजून, पाण्यातनं बाहेर येता येता किल्ली पदरात बांधते. कुणी सांगितलेलं नाही तिला. साडेतीन सेकंद. फ्रेम हाललेली, कडेला लाईटचा स्टँड दिसतोय.

मी लावला तो शॉट. स्टँड झाकायला फ्रेम मोठी करावी लागली, थोडं फाटतंय. पोराला फोन करून बोलावलं आणि आधी चुकीच्या फाईलचं खरं सांगून टाकलं. तो हसला, मग शॉट बघितला, तीनदा बघितला, आणि म्हणाला, दादा हितं हळूच एक बासरी टाकूया का.

आता परत भांडण चालू आहे.