हात न टेकता

परवा दाराची बेल वाजली आणि मी खुर्चीतून उठलो. म्हणजे आधी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गेले, मग तोंडातून 'आई गं' आलं, आणि सगळ्यात शेवटी मी. समोर बसलेला नातू म्हणाला, "आजोबा, उठताना तुम्ही नेहमी हात का टेकता?"

मराठीत हात टेकणं म्हणजे हार मानणं. मी ती नेमकी कधी मानली, आठवेना.

याची चक्क परीक्षा असते, हे मग कळलं. खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर दुमडायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा उभं राहता येतं ते मोजायचं. हात टेकले की गुण शून्य. शाळेत उठाबशा ही शिक्षा होती, सत्तरीत ती तपासणी झाली! माझ्या वयाच्या पुरुषाला निदान १२ जमायला हव्यात. मला ७ जमल्या. आठवीला मांड्यांनी साफ नकार दिला.

"पण मी रोज चालतो की," मी कुरकुरलो. चालण्याचं खातं वेगळं, असं दिसतंय. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, आणि वर किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा. हे दुसरं खातं मी कधी उघडलंच नव्हतं.

स्नायू वयाने झिजतात, खरंच. पण दोष थोडा प्रेमाचाही आहे. निवृत्तीनंतर जो तो "तुम्ही बसा हो" म्हणतो, आणि माणूस बसतो तो बसतोच. पाण्याचा पेलासुद्धा हातात येतो. (मी तक्रार करत नव्हतो, हेही खरं.)

धीर आला तो एका जुन्या प्रयोगामुळे. वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त मंडळींना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. नऊ जणांनी ते पूर्ण केलं आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९० सालची गोष्ट. त्यांच्यापुढे मी तर पोरगाच.

तेव्हापासून टीव्हीवर जाहिराती लागल्या की मी उठबस करतो. नातू मोठ्याने मोजतो, आणि तो फार कडक परीक्षक आहे. काल ११ झाल्या. बाराव्या वेळी हात खाली निघालेच होते, पण तो टक लावून बघत होता.