पाळी येऊन गेली अन् मधातच डाग

सीतादही, म्हंजे वेचणीच्या आधीची पूजा, झाली, कापूस वेचाले जायची घाई, अन् मले मधातच डाग दिसला, पाळी येऊन उणेपुरे बारा दिवस झाले होते. आत्याबाई म्हणे उष्णता असन, सब्जाचं पाणी पे. ते बी केलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच अन् आता नवऱ्यासोबत संबंध आल्यावरही, हे मात्र जाऊबाईले सोडून कोणालेच सांगितलं नाही.

तिनंच आशाताईले बोलावलं. ताईचा पहिला प्रश्न, तारखा लिहून ठेवतेस का? कायच्या तारखा न् काय, कॅलेंडरवर फक्त दुधाचा हिशोब!

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं आधी प्रेग्नन्सी टेस्ट केली, मले हसूच आलं, पण गर्भ नळीत राहिला तरी असंच रक्त जाते, पोटात दुखते अन् ते जिवावर बेतू शकते म्हटल्यावर हसू गेलं. मंग हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी, अन् गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी, कॅन्सरची शंका नको म्हणून. तांबी नवीन बसवली किंवा गर्भ न राहायची गोळी खायची चुकली तरी डाग येते म्हणे. माह्या केसमधी तोंडाशी बारकासा पॉलिप, म्हंजे मांसाचा कोंब, निघाला, काढला, तपासाले पाठवला, साधाच होता.

तासाले एक पॅड भिजत असन, चक्कर येत असन, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ लावा. अन् पाळी बंद होऊन वर्ष झालेल्या बाईले एक थेंब दिसला तरी दाखवाच. आमच्या आत्याबाई अजून सब्जावरच आहेत.