नामे, टिमे, बेआउटीफुल

परवा दुपारी भाचीची इंग्रजीची वही चाळत असताना एका जागी कागद इतका झिजलेला दिसला की मागच्या पानावरची शाई त्यातून डोकावत होती. ‘ब्लड’ हा शब्द तिने आधी बी-एल-यू-डी असा लिहिला होता, मग यू खोडून ए केला होता, तोही खोडून पुन्हा यूवर आली होती, आणि शेवटी शेजारणीच्या वहीत पाहून डबल ओ घालून मोकळी झाली होती. “मावशी, फूडमध्ये डबल ओ, गुडमध्ये डबल ओ आणि ब्लडमध्येही डबल ओच. मग तिघांचे आवाज वेगळे का?” या प्रश्नावर मी “ते तसंच असतं” एवढेच म्हणाले. लहानपणी मलाही हेच उत्तर मिळाले होते.

आपल्याकडे घोळ होतो तो वेलांटी पहिली की दुसरी एवढाच. इंग्रजीत मात्र स्वरांची अक्षरे पाच, आणि ब्रिटिश प्रमाण उच्चारातले स्वर मोजले तर वीसच्या आसपास भरतात. एवढ्या संसारात पाच भांडी कशी पुरणार? त्यामुळे एकट्या दीर्घ ईसाठी ‘टीच’मध्ये ई-ए, ‘फील्ड’मध्ये आय-ई, ‘रिसीव्ह’मध्ये ई-आय, ‘पीपल’मध्ये ई-ओ, आणि ‘मशीन’मध्ये एकटा आय. उलट ई-ए ही एकच जोडी ‘हेड’, ‘ग्रेट’, ‘हार्ट’ आणि ‘अर्थ’ या चार घरी चार नावांनी वावरते. ‘विमेन’मधल्या ओने इकाराचे सोंग घ्यावे, हे तर मला अजूनही पटलेले नाही.

या सगळ्यावर आम्हा भावंडांचा एकच उपाय होता, आणि तो वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी केलेला असणार: शब्द दिसतो तसा, अक्षरन् अक्षर वाचायचा. वेडनेसडे, बेआउटीफुल, नामे, टिमे, नोसे. चाचणीच्या आदल्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही हा जप करत असू आणि स्पेलिंग कधी चुकत नसे. चुकले ते एकदाच, आणि तेही बोलताना. वर्गात उभे राहून स्वतःची ओळख करून द्यायची होती आणि माझ्या तोंडून स्वच्छ, खणखणीत आवाजात “माय नामे इज” असे बाहेर पडले. वर्ग हसला, बाई हसल्या, आणि पुढे कितीतरी दिवस मला त्याच नावाने हाक मारली गेली.

पुष्कळ वर्षांनी इंग्रजीच्या इतिहासावरचे काही वाचताना मला कळले की 14व्या शतकातला इंग्रज ‘नेम’ला जवळजवळ ‘नामअ’च म्हणत होता आणि ‘टाइम’ला ‘टीमअ’. शेवटचा ई माझ्याइतका ठसठशीत नव्हता, पुटपुटल्यासारखा होता, पण होता. मग साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर हळूहळू जागा सोडून सरकले. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने पुढे या सरकासरकीला ‘महास्वरांतर’ अशा अर्थाचे नाव दिले. नेमक्या त्याच धामधुमीत, 1476 मध्ये, विल्यम कॅक्सटनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. स्वर वाटेत असतानाच खिळे जुळू लागले, आणि पुढच्या दोनएकशे वर्षांत स्पेलिंग जवळपास कायमचे बसले, ते बरेचसे जुन्या आवाजांचे. ‘सी’ म्हणजे पाहणे आणि ‘सी’ म्हणजे समुद्र यांचे स्वर तेव्हा खरोखरच वेगळे होते, म्हणून एकात डबल ई आणि दुसऱ्यात ई-ए. आवाज पुढे एक झाले, कपडे वेगळेच राहिले.

डबल ओचेही तसेच आहे. ओ दोनदा लिहिला तो दीर्घ ओ म्हणायचा म्हणून, इतके ते सरळ होते. तेव्हाचे ‘फूड’ म्हणजे ‘फोड’, ‘ब्लड’ म्हणजे ‘ब्लोड’ आणि ‘गुड’ म्हणजे चक्क ‘गोड’. पुढे तिन्हींचा ओ वर चढून ऊ झाला. ‘फूड’ तिथेच थांबले, ‘ब्लड’ लवकर आखूड होऊन अकडे घसरले, आणि ‘गुड’ उशिरा आखूड झाल्यामुळे त्या घसरणीतून वाचले.

हे सारे मी भाचीला त्या झिजलेल्या कागदावर बोट ठेवून सांगितले. तिला त्यातले शतक एकही आवडले नाही, पण ‘गोड’ फार आवडले. वही दप्तरात टाकताना ती “गोड, फोड, ब्लोड” असे घोकत होती आणि मी मोठ्या कौतुकाने ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तिची तोंडी परीक्षा आहे, हे मला रात्री कळले.