रतनगड पाण्यात उतरवताना

दिवाळीनंतर भंडारदऱ्याला दोन रात्री राहिलो, त्या एकाच फोटोसाठी. धरणाच्या पाण्यात उलटा पडलेला रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुटा नावाचा सुळका. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं, म्हणजे आरसा शंभरीचा. फक्त तो स्थिर असायला हवा.

पहिल्या दिवशी आठ वाजता आरामात पोचलो. पाण्यावर नुसती शिरशिरी, गड दिसतोय तो फाटक्या पडद्यासारखा. घरी आलो तर राहत होतो तिथले मामा म्हणाले, "ऊन चढलं की वारं सुटणारच. अंधारात जा ना!"

दुसऱ्या दिवशी साडेपाचला काठावर. थंडी चांगलीच, वारा अजिबात नाही. ट्रायपॉडचे पाय गाळात रुतत होते, म्हणून खाली चपटे दगड ठेवले. आकाश गडद यावं म्हणून भिंगावर पोलरायझर फिल्टर लावला आणि तिथेच फसलो. फिरवता फिरवता फ्रेमच्या खालच्या भागातलं प्रतिबिंब पुसलं गेलं आणि तळाचा गाळ दिसू लागला. साधारण ३७ अंशांच्या तिरप्या नजरेने पाण्याकडे पाहिलं, की हा फिल्टर परावर्तित प्रकाश जवळजवळ सगळा खाऊन टाकतो. काढून खिशात टाकला.

मग फोकस. कॅमेरा काठच्या गवतावर अडकत होता. मॅन्युअलवर घेऊन सरळ गडावर फोकस केला. प्रतिबिंब पाण्यावर दिसत असलं तरी भिंगाच्या हिशेबाने ते गडापेक्षा जवळ नसतं, हे वाचून माहीत होतं. स्क्रीनवर मोठं करून पाहिल्यावर पटलं.

खरी डोकेदुखी निराळीच होती. पाण्यात घुसलेलं एक लहानसं टेपाड होतं. वर पाहिलं तर ते गडाच्या पायथ्याशी कुठेतरी, पण पाण्यात त्याने गड जवळजवळ शिखरापर्यंत झाकलेला! असं कसं? प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी छापील प्रत नव्हे. कॅमेरा पाण्याच्या जेवढा वर, तेवढ्याच खोलीवरून वर पाहिल्यावर जे दिसेल, ते आपल्याला पाण्यात दिसतं. तेवढ्या खालून पाहिलं तर जवळचं टेपाड लांबच्या गडाला झाकणारच. म्हणून ट्रायपॉड पार खाली घेतला, पाण्यापासून वीतभर उंचीवर, आणि स्वतः गाळात आडवा झालो. टेपाड बुटकं झालं. दहा पावलं डावीकडे सरकलो तसं ते कडेला गेलं. गडावर पहिलं ऊन पडलं तेव्हा एफ ११ या अ‍ॅपर्चरवर सात-आठ फ्रेम मिळाल्या. पाण्यातला गड वरच्यापेक्षा थोडा काळपट आला, तो तसाच ठेवला. त्याला उजळवलं की फोटो खोटा वाटतो.

चहाच्या वेळी मामांना स्क्रीनवर फोटो दाखवला. गडाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"टेपाड कडेला घातलंत होय?" ते म्हणाले. "पाणी उतरलं की तिथंच आमची गाळपेर असते."