थांबल्यावर वर जाणारा शॉट

बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर स्पर्धेच्या आदल्या दिवशी सराव असतो. एअर रायफल, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफली, दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्याला तोच दिवस सगळ्यात धावपळीचा. कुणाचा ट्रिगर बिघडलेला, कुणाची नेम धरायची डायॉप्टर साइट सैल झालेली, कुणाच्या सिलिंडरमधून हवा जातेय. त्या दुपारी सांगलीकडचे एक गृहस्थ अकरावीतल्या मुलीला घेऊन आले. रायफल चांगली होती, पण सेकंडहँड. पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली.

"साहेब, हिचा हात हलायला लागलाय म्हणतात कोच. मन लागत नाही म्हणे. तुम्ही एकदा बंदूक बघा की."

मुलगी खाली मान घालून उभी होती. तिच्या मोबाइलवर इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या स्क्रीनचे फोटो होते, ते मी मागून घेतले. बहुतेक शॉट मध्यभागी छान जमलेले, आणि अधूनमधून एखादा सरळ वर गेलेला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. हात हलला की शॉट असा एकाच रेषेत जात नाही, तो कुठेही जातो. बंद हॉलमध्ये वाऱ्याचाही प्रश्न नाही. मला पहिली शंका आली ती पेलेटच्या, म्हणजे छऱ्याच्या, वेगाची.

"वरचा शॉट कधी जातो गं?" मी विचारलं.

तिने थोडा विचार केला. "खूप वेळ थांबले की, काका. रायफल खाली घेऊन परत उचलली, की पहिलाच."

एवढं नेमकं उत्तर मोठे खेळाडूही पटकन देत नाहीत. मी रायफल वाइसच्या पकडीत आवळली, पुढे वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला आणि कोचना मुद्दाम शेजारी बसवलं. मिनिटा-मिनिटाने शॉट मारले: सेकंदाला 171 मीटर, 172, 172. मग पाच मिनिटं नुसतं बसून राहिलो. पुढचा शॉट 179. लगेच त्यामागचा पुन्हा 172. परत पाच मिनिटं थांबलो, परत 179.

दहा मीटरच्या खेळात हा फरक किती, तर दहा गुणांचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. त्याबाहेरची प्रत्येक कडी अडीच मिलिमीटरची, म्हणजे गुणाचा एक दशांश पाव मिलिमीटरला. 172 च्या वेगाने जाणारा पेलेट टार्गेटपर्यंत साधारण साडेसोळा मिलिमीटर खाली येतो, 179 च्या वेगाने जाणारा सव्वापंधरा. सव्वा मिलिमीटर वर, म्हणजे अर्धा गुण गेला. 10.4 चा शॉट 9.9 होतो. अर्धा गुण किरकोळ वाटेल, पण 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्रांनी सुवर्ण जिंकलं ते 700.5 गुणांनी आणि दुसरा नेमबाज होता 699.7 वर. सत्तर शॉटनंतरचं अंतर 0.8.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही मुलगी थांबत होती ती नेम बसत नसेल तर शॉट सोडायचा नाही, रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, हे शिकवल्याप्रमाणे. म्हणजे जो शॉट तिने सगळ्यात जपून मारला, त्याचेच गुण कापले जात होते. आणि वर ऐकून घ्यावं लागत होतं की मन लागत नाही.

सिलिंडर काढलं, आतली हवा सोडली, रेग्युलेटर उघडला. भरलेल्या सिलिंडरमध्ये 200 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास दोनशेपट दाब असतो. तो कमी करून प्रत्येक शॉटला सारखाच द्यायचा, हे रेग्युलेटरचं काम. त्याच्या झडपेची प्लास्टिकची बैठक भिंगाखाली धरली. तिच्यावर केसाएवढा चरा होता. त्यातून हवा हळूहळू झिरपत राहायची आणि शॉटला उशीर झाला की पुढच्या कप्प्यातला दाब चढलेला असायचा. वडिलांनाही भिंगातून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "एवढंच?"

बैठक बदलली, ओ-रिंग बदलल्या, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं. (इथे साधं तेल कधीही लावू नये. एवढ्या दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं.) रायफल पुन्हा वाइसमध्ये. पाच मिनिटं थांबून 172. दहा मिनिटं थांबून 172. मग मुलीला लेनवर उभं केलं आणि साइट एकदा तपासून घ्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी तिच्या डिटेलला, म्हणजे तिच्या गटाच्या पाळीला, मी मागे जाऊन उभा राहिलो. मधेच तिने रायफल खाली घेतली, स्टँडवर टेकवली, बराच वेळ थांबली, उचलली. 10.5. पदक मिळालं नाही, पण शेवटपर्यंत शॉटचा ग्रुप गोल राहिला. बाहेर आल्यावर ती वडिलांशी भरभरून बोलत होती, आदल्या दिवशी तिचा आवाजही नीट ऐकू आला नव्हता.

संध्याकाळी कोच स्वतः आले. सोबत त्यांच्या बाकीच्या मुलांच्या रायफली होत्या. "सगळ्या क्रोनोग्राफवर घ्या," म्हणाले. आणखी एका रायफलीत तोच दोष निघाला. दुसऱ्या एकीच्या सिलिंडरवरची दहा वर्षांची मुदत उलटून गेलेली होती. ते मी तिथेच रिकामं केलं आणि पुन्हा भरू नका असं बजावून परत दिलं.