रेसबुकातला वजनाचा कॉलम

रेसमधला जिंकणारा घोडा काढायचा मामांच्या डायरीतला फॉर्म्युला सोपा होता. मागच्या तीन धावांत पहिल्या नंबरला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. जॉकी नावाजलेला असेल तर वर दोन, पाठीवरचं वजन जड असेल तर एक वजा. ज्याची बेरीज मोठी तो घोडा. मामा लोअर परळला गिरणीत होते, पगार झाला की चालतच महालक्ष्मीचं रेसकोर्स गाठायचे. मी अलिबागचा. हिवाळ्यात कधीमधी मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरतो आणि रेसला जातो. पैसे लावण्यापेक्षा हे गणित सुटतं कसं, याचीच हौस जास्त.

मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात लाँच बंद झाल्या, तशी जुनी रेसबुकं (घोड्यांची माहिती देणाऱ्या पुस्तिका) आणि निकाल पुढ्यात घेऊन फॉर्म्युला कागदावर चालवून पाहिला. वाईट अजिबात नव्हता. त्याने काढलेले घोडे बरेचदा येत. गोची एवढीच, की ते बहुतेक फेव्हरिटच, म्हणजे सगळ्यांच्या पसंतीचे कमी भावाचे घोडे निघत. रुपयाला आठ आणे देणारा घोडा तीनातून दोनदा आला तरी फक्त मुद्दल सुटतं. टोटवर, म्हणजे लावलेले सगळे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात तिथे, तर वाटपाआधीच कपात होते. म्हणजे जिंकणारा ओळखूनही हात रिकामाच.

उकल सापडली ती वजनाच्या कॉलममध्ये. चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून सगळ्यांना बरोबरीत आणतात ती हँडिकॅप रेस. तिथे घोड्याच्या पाठीवरचं वजन त्याच्या रेटिंगवरून, म्हणजे कुवतीच्या गुणांवरून ठरतं, एका गुणाला अर्धा किलो. समजा ३२ रेटिंगचा घोडा तीन लेंग्थने (लेंग्थ म्हणजे घोड्याच्या लांबीइतकं अंतर) जिंकला आणि हँडिकॅपरने, म्हणजे रेटिंग ठरवणाऱ्याने, त्याला ४० वर नेलं. आठ गुण म्हणजे चार किलो. १६०० मीटरवर किलोभर वजन म्हणजे अंदाजे एक लेंग्थ, हा जुना ठोकताळा. म्हणजे त्याच सोबत्यांशी पुन्हा पळाला तर हिशेबाने तो लेंग्थभर मागेच! फॉर्म्युला मात्र त्या विजयाचे पाच गुण देऊन मोकळा. हँडिकॅपरने आधीच वसूल केलेली गोष्ट आपण परत जमेला धरायची, हा कुठला न्याय?

वर्गांचंही तसंच. चौथा वर्ग २० ते ४६ रेटिंगच्या घोड्यांचा, तिसरा ४० ते ६६. ४४ रेटिंगचा घोडा चौथ्यात जवळजवळ सर्वांत जड, तिसऱ्यात हलका. फॉर्म्युल्याला 'हलका' एवढंच दिसतं, समोर कोण उभे आहेत ते दिसत नाही. डर्बी या मोठ्या रेसमध्ये तर हा खेळच नाही. २४०० मीटर, नरांना सारखं वजन, माद्यांना थोडी सूट. तिथे वजा-बेरीज करणाऱ्याने नक्की काय वजा करायचं?

रेसची चाल समजायला मला वेळ लागला नाही, कारण आमच्याकडे ओहोटीला घट्ट वाळूवर बैलगाड्या पळतात आणि कुठली जोडी पहिल्या दमात सुटते, कुठली शेवटी जोर धरते, हे जाणती माणसं आधीच सांगतात. रेसबुकातही तेच शोधू लागलो. १२०० मीटरला पुढे पळणारा एकच असेल तर त्याला कुणी छळत नाही. तसे तीन-चार असले की ते एकमेकांना दमवतात आणि मागचा कुणीतरी येतो. मग मागच्या वेळी सातवा आलेला घोडाही नीट वाचावासा वाटतो: अंतर त्याचं होतं का, चाल त्याला सोयीची होती का, पाठीवर किती होतं?

मामांना हे सगळं पटलं, पण त्यांचा आक्षेप रास्त होता. "दोन रेसच्या मध्ये अर्धा तास. त्यात चहा प्यायचा, घोडा बघायचा, भाव बघायचा, म्हणजे रुपयाला किती मिळणार ते. तुझं हे वाचन कधी करायचं?" म्हणून मी आदल्या रात्रीच बसतो, आणि दिवसभराच्या रेसमधल्या दोन-तीनच हँडिकॅप निवडतो. एकदाही न धावलेल्या घोड्यांच्या रेसला हात लावत नाही, तिथे वाचायला काही नसतंच. आणि भाव माझ्या अंदाजापेक्षा कमी असला, तर घोडा कितीही आवडो, ती रेस नुसती बघतो.