वय वाढलं की गट बदलतो

साठी जवळ आली की माणसं विषय बदलतात. आम्हा पोहणाऱ्यांत मात्र साठीची वाट बघितली जाते. मास्टर्स स्पर्धांत पंचविशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात. एकोणसाठाव्या वर्षी जी बाई गटात सगळ्यांत थोरली म्हणून मागे पडते, तीच पुढच्या वर्षी ६० ते ६४ मधली सगळ्यांत धाकटी. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमात वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला धरतात. माझ्या एका मैत्रिणीचा जन्म ३० डिसेंबरचा. तिला जानेवारीतच बढती मिळते. केक नंतर सावकाश.

मालवणला चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. शाळकरी पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळी वरात एकाच वाळूवर. मी रत्नागिरीहून आदल्या दिवशीच जाते. खरं सांगायचं तर पोहणं हा त्यातला लहानसा भाग. मजा सकाळी किनाऱ्यावर असते. दंडावर मार्करने नंबर लिहून घ्यायचा, खाऱ्या पाण्यात कॉश्च्यूम काचू नये म्हणून मानेला आणि काखेत व्हॅसलिन चोपडायचं, आणि टोपीत केस कोंबता कोंबता शेजारणीला विचारायचं, "तुमचं कितवं?" उत्तर कुजबुजत येत नाही. "पासष्ट पूर्ण!" असं बोर्डात नंबर आल्यासारखं सांगितलं जातं. लग्नाकार्यात हाच प्रश्न विचारून बघा.

तिथे गुडघे, बीपीच्या गोळ्या आणि स्टेंट यांची चर्चा अगदी मोकळेपणाने चालते. गेल्या खेपेला एक काका सांगत होते, डॉक्टरांनी पोहा म्हणून सांगितलंय. समुद्रात, तेही स्पर्धेत, असं काही डॉक्टर म्हणाले नव्हते. पण तेवढा तपशील त्यांनी घरी सांगितलेला नव्हता. बँकेतला निवृत्त मॅनेजर कोण आणि रिक्षा चालवणारा कोण, हे पोहण्याच्या चड्डीत कळत नाही. कुणी विचारतही नाही. विचारतात ते एकच, पोहायला कुठे शिकलात? कोकणातल्या आमच्या पिढीचं उत्तर ठरलेलं: विहिरीत, दोन असोले नारळ पोटाशी बांधून, आणि वरून काकाने ढकलून दिल्यावर. शहरातली मंडळी हे ऐकून आदराने गप्प होतात.

शिट्टी वाजली की पोरं धावत पाण्यात घुसतात. आम्ही दहा पावलं मागे राहतो, कारण सुरुवातीच्या गर्दीत कुणाची लाथ नाकावर बसेल सांगता येत नाही. मग पाच-सात हात मारायचे, मान वर काढून बोया (वाट दाखवणारा तरंगता फुगा) शोधायचा, पुन्हा हात मारायचे. बाजूने मच्छीमारांच्या होड्या राखणीला असतात. "बाये, दमलंस? होडयेत येतंस?" असं अगदी प्रेमाने विचारतात, पण होडीच्या आधाराने पुढे गेलं की बाद! म्हणून मान हलवायची आणि तोंडातलं मीठ थुंकून पुढे जायचं. किनारा लागल्यावर उभं राहताना पाय आपले नसतातच. इतका वेळ आडवं राहिल्यावर लटपटतात. वाळूवरच्या एका मावशी मला म्हणाल्या, "ह्या वयात पोवतास? घरातली काय बोलनत नाय?" मी हसले. बोलतात की, पण पाण्यात ऐकू येत नाही.

महिलांच्या वरच्या गटांत माणसं कमी आणि पदकं तीन. चार जणी उतरल्या तर एकीचाच जीव खाली-वर. तरीही खरी टाळी पडते ती सगळ्यांत शेवटी पाण्यातून बाहेर येणाऱ्या आजोबांना, आणि त्या टाळीत पहिला आलेला पोरगाही असतो.

तलावातल्या मास्टर्स स्पर्धांचे नियमही मला फार आवडतात. ठोकळ्यावरून सूर मारायची सक्ती नाही, पाण्यात उतरून भिंतीला पाय देऊन सुटलं तरी चालतं. बटरफ्लायला, म्हणजे दोन्ही हात एकदम पुढे फेकायच्या प्रकाराला, ब्रेस्टस्ट्रोकची बेडकासारखी लाथ मारलेली चालते. नियम करणाऱ्यांपैकी कुणाची तरी कंबर नक्की धरली असणार. अशाच सवलतीच्या जगात जपानच्या मिएको नागाओका यांनी २०१५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, १५०० मीटर अंतर सव्वा तासाच्या किंचित वर वेळात पार केलं. आम्ही एकत्र सराव करणाऱ्या तिघी हे एकमेकींना सारखं ऐकवतो, विशेषतः सरावाला दांडी मारल्यावर.

सध्या आमची शोधाशोध वेगळीच चालू आहे. रिलेत चौघींच्या वयाची बेरीज करून गट ठरतो. आम्हा तिघींची बेरीज १७८, म्हणजे २४० च्या गटात जायला चौथी निदान बासष्टची हवी. मालवणात जेवताना, सुरमईच्या थाळीवर, एक मिळाली होती. हात सुंदर, वेळ आमच्यापेक्षा चांगली, स्वभावही गोड. वय पंचावन्न. नाइलाज झाला, तिला दोन वर्षांनी या म्हणून सांगितलं, तोवर आमचीही वयं वाढतील.